साक्षींची नोंद करताना

दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवटीच्या काळात झालेल्या अत्याचारांची नोंद घ्यायला नेमलेल्या सत्य आणि सलोखा आयोगापुढच्या सुनावण्यांचे उतारे इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात. एका अभ्यासगटाने ते वाचून त्यातल्या घटनांची सूची करायचं काम हाती घेतलं होतं. त्यांना इंग्रजी वाचणारी, चिकाटीची आणि फुकट राबायला तयार असलेली माणसं हवी होती. तिन्ही अटींत मी बसत होते. आयोगाबद्दल मला तोवर सगळ्यांना माहीत असतं तेवढंच माहीत होतं. नेल्सन मंडेला, आयोगाचे अध्यक्ष असलेले जांभळ्या झग्यातले आर्चबिशप डेस्मंड टुटू, मंचासमोर रडणारी माणसं आणि मुलाच्या मारेकऱ्याला माफ करणारी एखादी आई. माझ्या वाट्याला आला एक तक्ता.

साक्ष कोण देतंय, अत्याचार कुणावर झाला, कोणता, कधी, कुठे, कुणी केला आणि हे कशावरून कळलं, असे त्याचे रकाने. एका माणसाला पळवून नेलं, मारहाण केली आणि मग ठार मारलं, तर नोंदी तीन. दोघांना मिळून मारलं तर नोंदी दोन. ऐकायला सोपं वाटतं. पण साक्ष द्यायला बसलेलं माणूस रकान्यांच्या क्रमाने बोलत नसतं. ते त्या दिवशी सकाळी काय घडलं तिथून सुरू करतं, मध्येच दहा वर्षं मागे जातं, शेजारणीचं नाव नीट सांगतं आणि पोलीस अधिकाऱ्याचं नाव सांगायचं राहून जातं. आयुक्त हळूच विचारतात, ‘हे कोणत्या वर्षी झालं?’ उत्तर येतं, ‘धाकटी पोटात होती तेव्हा.’ की मग मागची पानं चाळून धाकटीचं वय शोधायचं आणि त्यावरून वर्ष काढायचं. माझे बरेच तास अशा हिशेबात गेले.

सुरुवातीला या तक्त्याची चीड यायची. माणूस ढसाढसा रडतंय आणि आपण तिथे ‘गंभीर छळ’ असा संकेतांक टाकतोय. पुढे अहवालाचे खंड हातात घेतले तेव्हा लक्षात आलं, की खुद्द आयोगानेही हेच केलं होतं, आमच्या कितीतरी पट मोठ्या प्रमाणावर. संसदेने १९९५ साली कायदा केला आणि त्यानुसार आयोग नेमला गेला. जबाब घेणारी माणसं गावोगाव, वस्त्यावस्त्यांत फिरली आणि त्यांनी २१ हजारांहून जास्त लोकांचे जबाब लिहून घेतले. त्यांतले साधारण दहातले एकच लोक जाहीर सुनावणीत बोलले. टीव्हीवर दिसले ते हे. बाकीच्यांचा जबाब अर्जावरून संगणकात गेला, तिथून चौकशी पथकाकडे गेला. पथकाने जुने पोलीस दप्तर, शवविच्छेदनाचे कागद, वर्तमानपत्रं, दुसऱ्या जबाबातल्या खुणा असं काय मिळेल ते जुळवून पाहिलं. शेवटी आयुक्तांनी प्रत्येक प्रकरणावर निष्कर्ष दिला. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. इथली कसोटी दिवाणी दाव्यासारखी होती, दोन शक्यतांत जी जास्त संभवते ती मानायची. हे काम न्यायालयाचं नव्हतं. कुणाला तुरुंगात टाकायचा अधिकार आयोगाला नव्हता. एखाद्या माणसाबाबत अमुक घडलं, हे सरकारी शिक्क्यानिशी लिहून ठेवायचा अधिकार मात्र होता. ज्या घरांना वीस वर्षं ‘तुमचा मुलगा पळून गेला’ किंवा ‘त्याने कोठडीत आत्महत्या केली’ असं सांगितलं गेलं होतं, त्यांना त्या शिक्क्याची किंमत काय होती हे उतारे वाचताना पानोपानी जाणवतं. कित्येकांनी आयोगाकडे मागितलेलं असं: मृत्यूचा दाखला, थडग्यावर दगड, मुलाच्या नावापुढचा ‘दहशतवादी’ हा शब्द काढणं. पैशाचा विषय बरेचदा आयुक्तच काढतात.

रकान्यांचा मुद्दा वाटतो तितका कोरडा नाही, कारण जे रकान्यात नाही ते अहवालात येत नाही. कायद्याने आयोगापुढे चार प्रकार ठेवले होते: हत्या, अपहरण, छळ आणि गंभीर स्वरूपाची वाईट वागणूक. तेही १ मार्च १९६० नंतरचे. आता वर्णभेदी राजवटीत माणसाच्या आयुष्याची माती कशाने झाली? काळ्या लोकांना ये-जा करायला परवाना म्हणजे ‘पास’ जवळ बाळगायला लावणाऱ्या कायद्याने, घरं पाडून लाखो लोकांना उचलून ओसाड भागात नेऊन टाकल्याने, गोऱ्यांपेक्षा मुद्दाम कमी शिकवणाऱ्या शाळांनी. हे सगळं त्या काळी कायदेशीर होतं आणि वरच्या चार प्रकारांत ते बसत नव्हतं. राज्यशास्त्राचे अभ्यासक महमूद ममदानी यांनी आयोगावर टीका केली ती नेमकी यावरून. त्यांचं म्हणणं असं की आयोगाने मोजकेच अत्याचारी आणि मोजकेच पीडित पुढे आणले, आणि ज्या व्यवस्थेने एका समाजाचा फायदा केला आणि दुसऱ्याला नागवलं ती पडद्यामागेच राहिली. टीका वाचली तेव्हा मला ती जरा पुस्तकी वाटली होती. तक्ता भरायला लागल्यावर ती रोज दिसायला लागली. साक्षीदार दोन पानं घर पाडल्याचं सांगते, मग एका वाक्यात पोलिसांच्या गोळीचं सांगते, आणि माझ्याकडे नोंद फक्त गोळीची. आमच्या गटात यावर बरीच वादावादी होऊन शेवटी ‘इतर’ असा मोकळा रकाना जोडला गेला. तो इतका भरला की त्याची सूची करणं हे वेगळं काम होऊन बसलं.

बायकांच्या साक्षींबाबत तर हे फारच ठळकपणे दिसतं. जबाब देणाऱ्यांत निम्म्याहून अधिक बायका होत्या. पण ‘साक्ष कुणी दिली’ या रकान्यात बाईचं नाव आणि ‘अत्याचार कुणावर’ यात नवऱ्याचं, मुलाचं, भावाचं. तिला स्वतःला अटक झाली होती का, कोठडीत तिच्याशी कोण कसं वागलं, हे ती सांगत नाही. विचारलं तर ‘माझं काय, मी जिवंत आहे’ असा सूर. आयोगाच्याही हे ध्यानात आलं. काम सुरू झाल्यावर त्यांनी जबाबाच्या अर्जात बायकांसाठी मुद्दाम सूचना घातली, की घरच्यांबद्दल सांगताना तुमच्यावर जे गुदरलं तेही सांगायला विसरू नका. शिवाय १९९६-९७ मध्ये केप टाऊन, डर्बन आणि जोहान्सबर्गला फक्त बायकांसाठी वेगळ्या सुनावण्या घेतल्या. त्यांचे उतारे वाचताना मी रात्री काम करणं बंद केलं. त्यातलं काही इथे लिहीत नाही. एवढंच सांगते, की तिथे बोलणाऱ्यांत पुढे मोठ्या पदावर गेलेल्या लढाऊ बायका होत्या, आणि ते बोलणं त्यांनाही जड गेलेलं कळतं.

कागदावर सगळं उतरत नाही हे नोमोंडे कलाटा यांच्या साक्षीवर मला कळलं. त्यांचे पती, वर्णभेदविरोधी कार्यकर्ते फोर्ट कलाटा, आणि तिघा सहकाऱ्यांना पोलिसांनी जून १९८५ मध्ये रस्त्यात गाठून मारलं होतं. ‘क्रॅडॉकचे चौघे’ म्हणून ते ओळखले जातात. एप्रिल १९९६ मध्ये ईस्ट लंडन शहरात आयोगाची पहिली सुनावणी झाली, त्यात त्या बोलल्या. त्या स्वतः वर्तमानपत्र वाटायचं काम करायच्या, त्यामुळे गठ्ठा त्यांच्याच घरी यायचा. त्या दिवशी गठ्ठा आला, आणि जळालेल्या गाडीचा फोटो पाहून घरातलं मूलच म्हणालं, ही तर बाबांची गाडी. हे सांगून झाल्यावर पुढे कुठेतरी त्यांचा बांध फुटतो. ती किंकाळी सगळ्या जगाने ऐकली, काम थांबवावं लागलं. पण लिखित उतारा वाचणाऱ्याला तिथे पुढचा प्रश्न तेवढा भेटतो. आमच्यातल्या एकाने मला ध्वनिमुद्रण ऐकायला लावलं आणि त्यानंतर शक्य असेल तिथे मी आधी ऐकायला आणि मग वाचायला लागले. कानाला आणखी एक गोष्ट कळते. खोसा किंवा झुलू बोलणाऱ्या साक्षीदाराचं जे इंग्रजी आपण वाचतो, ते काचेच्या खोलीत बसलेल्या दुभाषाने त्याच क्षणी तोंडाने केलेलं असतं. दुभाषे ‘त्या म्हणतात की’ असं म्हणत नसत. ते थेट ‘मला मारलं’, ‘माझं बाळ’ असंच बोलत. दिवसभर असं बोलल्यावर ती माणसं घरी जाऊन कशी झोपत असतील? मानसिक आधाराची गरज साक्षीदारांइतकीच त्यांनाही लागली, यात नवल नाही.

मग आले अत्याचार करणाऱ्यांचे माफीचे अर्ज. आयोगाचा जगभर गाजलेला आणि सगळ्यात वादाचा भाग हाच. अट अशी, की गुन्हा राजकीय हेतूने केलेला हवा आणि अर्जदाराने सगळं खरं सांगायला हवं. पश्चात्ताप झालाच पाहिजे किंवा पीडितांची क्षमा मागितलीच पाहिजे, अशी अट कायद्यात नव्हती! हे वाचून मी चाटच पडले. माफी मिळाली की फौजदारी खटला तर गेलाच, कुटुंबाला दिवाणी दावाही लावता येत नसे. पोलीस कोठडीतल्या मारहाणीने मेलेले वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या घरच्यांनी आणि इतर काही कुटुंबांनी याविरुद्ध घटना न्यायालयात धाव घेतली, आणि १९९६ मध्ये ते हरले. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की ही तडजोड नसती तर सत्तांतरच शांततेत झालं नसतं, आणि माफीचं आमिष नसेल तर अंधारात केलेल्या गुन्ह्यांचं सत्य कोण सांगेल.

माफीच्या सुनावण्यांत न्यायालयासारखी उलटतपासणी असते. आणि इथे पीडित स्वतः प्रश्न विचारू शकतो. जेफ्री बेन्झिन हा केप टाऊनचा सुरक्षा पोलीस. ओली पिशवी डोक्यावर आवळून माणसाचा श्वास कोंडायचा, ही त्याची खासियत. १९९७ मध्ये त्याच्यासमोर बसले होते टोनी येन्गेनी. कधीकाळी त्याच्या हातात सापडलेले, आता संसदेचे सदस्य. त्यांनी सांगितलं, करून दाखव. आणि तिथे सगळ्यांदेखत एका माणसाला पालथं झोपवून, त्याच्या पाठीवर बसून, डोक्यावर कापडी पिशवी ओढून बेन्झिनने ते करून दाखवलं. इथवरची गोष्ट लोक आवर्जून सांगतात. पुढची कमी सांगतात. बेन्झिनने उलट येन्गेनींना आठवण करून दिली, की पिशवी चढवल्यावर थोड्याच वेळात तुम्ही तुमच्या साथीदाराचा ठावठिकाणा सांगितला होता. म्हणजे छळ करणाऱ्याला माफीच्या खुर्चीत बसूनही पीडिताला दुसऱ्यांदा नमवता येत होतं. तो उतारा मी तीनदा वाचला आणि ‘अत्याचार कुणी केला’ या रकान्यापाशी बराच वेळ थांबले. १९९९ मध्ये बेन्झिनला माफी मिळाली.

यावर तुमचं मत काय, असं लोक विचारतात. माझं मत फिला न्ड्वांड्वे यांच्या प्रकरणावर हललं आणि अजून पुरतं ठरलेलं नाही. १९८८ मध्ये ही तरुण लढाऊ कार्यकर्ती स्वाझीलँडमधून गायब झाली. मागे तान्हं मूल. ती फितूर झाली असावी, अशीही कुजबुज होती. १९९७ मध्ये सुरक्षा पोलिसांतल्या काहींनी माफीसाठी अर्ज केले आणि एका शेतातली जागा दाखवली. खणल्यावर सांगाडा मिळाला, कमरेभोवती प्लास्टिकची पिशवी होती. कोठडीत तिला कपड्यांविना ठेवलं होतं, आणि तिने हाताला लागलेल्या पिशवीने अंग झाकलं होतं. तिने काहीही सांगितलं नाही, फितूर व्हायला नकार दिला म्हणून मारलं, हेही त्याच पोलिसांनी सांगितलं. खटला चालला असता तर आरोपींच्या वकिलाने त्यांना एकच सल्ला दिला असता: तोंड उघडू नका. जागा कळली नसती, आणि नावावरचा डागही पुसला गेला नसता. दुसऱ्या बाजूला, हे सांगणारे घरी गेले. त्या मुलाच्या जागी मी असते तर या सौद्याला हो म्हटलं असतं का? तिऱ्हाइताने हो म्हणणं फार सोपं आहे.

एक गैरसमज मात्र काढायला हवा. ‘सगळ्यांना माफी वाटली’ हे खोटं आहे. सात हजारांहून जास्त अर्ज आले आणि माफी मिळाली ८४९ जणांना. नाकारलेल्यांत मोठा भरणा साध्या गुन्ह्यांत आत असलेल्या आणि संधी बघून अर्ज टाकलेल्या कैद्यांचा होता. पण बिकोंच्या मृत्यूशी संबंधित पोलिसांनाही माफी नाकारली, कारण बिको धक्काबुक्कीत भिंतीवर आपटले असंच ते पोलीस सांगत राहिले. क्रॅडॉकच्या चौघांच्या प्रकरणातही नाकारली. अर्थ सरळ आहे, की यांच्यावर खटले चालायला हवे होते.

ते चालले नाहीत. आयोगाने सुमारे ३०० प्रकरणं सरकारी वकिलांकडे सोपवली होती, ती वर्षानुवर्षं पडून राहिली. भरपाईचंही तसंच. आयोगाने सहा वर्षं दरवर्षी ठरावीक रक्कम द्यावी असं सुचवलं होतं. सरकारने २००३ मध्ये एकरकमी ३० हजार रँड देऊन विषय मिटवला, आणि तेही आयोगाच्या यादीत नाव असलेल्यांनाच. जबाब द्यायची मुदत डिसेंबर १९९७ मध्ये संपली होती. ज्यांना तेव्हा कळलं नाही, भीती वाटली किंवा केंद्रापर्यंत पोचता आलं नाही, ते यादीबाहेर. खुलुमानी ही पीडितांची संघटना त्यांच्यासाठी अजून भांडते आहे. लोक आयोगाला शिव्या घालतात त्यातल्या निम्म्या खरं तर त्यानंतरच्या सरकारांना घालायला हव्यात, असं माझं मत आहे.

त्या सरकारांचा अहवालाबद्दलचा उत्साह पहिल्याच दिवशी दिसला होता. २९ ऑक्टोबर १९९८ रोजी टुटूंनी मंडेलांच्या हाती पाच खंड दिले. त्याच्या आदल्या दिवसांत वर्णभेदी राजवटीचे शेवटचे राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क आपल्याविषयीच्या निष्कर्षांविरुद्ध न्यायालयात गेले होते, म्हणून छापील प्रतीतला तेवढा मजकूर काळा करावा लागला. आणि मंडेलांचा सत्ताधारी पक्ष असलेली आफ्रिकन नॅशनल काँग्रेसही न्यायालयात गेली! वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यात तिच्या छावण्यांत झालेल्या छळाबद्दल आयोगाने लिहिलं होतं, ते तिला नको होतं. ती हरली. दोन्ही बाजू अहवाल अडवायला धावतात, ही मला त्या आयोगाला मिळालेली सर्वांत चांगली पावती वाटते.

तरीही या नोंदींचा उपयोग काय, याचं उत्तर मला अहमद तिमोल यांच्या फायलीत मिळालं. हा तरुण शिक्षक १९७१ मध्ये जोहान्सबर्गच्या पोलीस मुख्यालयाच्या दहाव्या मजल्यावरून पडून मेला. चौकशीचा निकाल: आत्महत्या. १९९६ मध्ये त्याची वृद्ध आई आयोगापुढे आली आणि तिने आपल्या मुलाचं सांगितलं. तिच्या हयातीत काही झालं नाही. घरच्यांनी चिकाटी सोडली नाही आणि २०१७ मध्ये न्यायालयाने चौकशी पुन्हा उघडून निकाल फिरवला: ही हत्या होती. एका म्हाताऱ्या माजी पोलिसावर आरोपही ठेवला गेला, तो खटला सुरू होण्याआधीच वारला. क्रॅडॉकच्या चौघांची चौकशी २०२५ मध्ये नव्याने सुरू झाली. त्याच वर्षी हे खटले मुद्दाम दाबले गेले का, याच्या तपासासाठी राष्ट्राध्यक्षांनी एक वेगळा आयोग नेमला. आयोगाच्या कामावर आयोग! हसावं की रडावं कळत नाही. पण १९९६ चे जबाब नसते तर या चौकशांतल्या वकिलांनी सुरुवात कुठून केली असती?

दुसऱ्या देशांचे अहवाल मी याच नजरेने वाचले. लष्करी राजवटीत बेपत्ता झालेल्यांचा शोध घेणाऱ्या अर्जेंटिनाच्या आयोगाकडे माफीचं हत्यार नव्हतं, वेळ काही महिन्यांचाच होता. तरी १९८४ च्या अहवालात त्यांनी बेपत्ता झालेल्या जवळजवळ नऊ हजार लोकांची नावं नोंदवली आणि फायली सरकारी वकिलांना दिल्या. पुढच्याच वर्षी लष्करशहांना शिक्षा झाल्या. एल साल्वादोरमध्ये तिन्ही आयुक्त परदेशी होते, कारण तिथल्या यादवीतल्या दोन्ही बाजूंचा विश्वास बसेल असं देशात कुणी नव्हतं. १९९३ मध्ये त्यांनी अधिकाऱ्यांची नावं घेऊन अहवाल दिला आणि पाचव्या दिवशी संसदेने सरसकट माफीचा कायदा केला. तो सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला २०१६ मध्ये. पेरूमध्ये सरकार आणि बंडखोर यांच्या संघर्षातले बळी मोजताना तर सूची करणाऱ्यांचंच काम निर्णायक ठरलं. वेगवेगळ्या यादीत तेच नाव कितीदा येतं हे त्यांनी जुळवून पाहिलं. याद्यांत सामाईक नावं कमी, म्हणजे कुठल्याच यादीत न आलेले खूप. नावानिशी सापडले सुमारे २४ हजार मृत आणि बेपत्ता, अंदाज निघाला ६९,२८०. आकड्यावर पुढे वादही झाले. बळी पडलेल्यांतले चारात तीन केचुआ किंवा तशाच मूळच्या भाषा बोलणारे होते, हे मात्र नोंदींतूनच पुढे आलं. राजधानीत बसलेल्यांच्या लक्षातही आलं नव्हतं, की एवढी माणसं मेली आहेत.

नेपाळचं पाहिलं की मला राहवत नाही. १९९६ ते २००६ या काळातल्या यादवीनंतर तिथे आयोग नेमायला २०१५ उजाडलं. साठ हजारांहून जास्त तक्रारी आल्या. त्यानंतर आयुक्त बदलले, मुदती वाढल्या, कायद्यावर न्यायालयात भांडणं झाली, २०२४ मध्ये कायदा सुधारला. तक्रारदार म्हातारे होताहेत. तिथे कुणी मला विचारलं, तर मी सांगेन, की सलोख्याचे कार्यक्रम आणि भाषणं नंतर करा. आधी साठ हजार अर्जांपैकी जे हयात आहेत त्यांच्याकडे माणूस पाठवा, त्यांचं म्हणणं त्यांच्याच भाषेत ध्वनिमुद्रित करा, तारखेचा रकाना रिकामा असेल तर धाकट्या मुलीचं वय विचारा, आणि बाई बोलत असेल तर शेवटी ‘तुमच्याबरोबर काय झालं?’ हा प्रश्न पुन्हा एकदा विचारा.